९ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची भीती ग्रुप थेरपीने जाते का? ठाण्यात किती खर्च येतो?

मुलगा बोलतो, पण मॉलच्या टॉयलेटमधल्या हँड ड्रायरला इतका घाबरतो की घराबाहेर लघवीलाच जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणि सेंटरने सांगितलंय, 'पालकांनी बाहेर बसायचं.' या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला घेतलं.

भीती जात नाही, तिचा ० ते १० मधला आकडा उतरतो. ९ चा ३ झाला की मूल टॉयलेट वापरतं. तेवढं पुरतं.

आमच्या ठाण्यातल्या एका ग्रुपमध्ये अगदी हीच भीती होती. चार मुलं, दोन थेरपिस्ट, आठवड्याला दीड तास. त्या मुलाची शिडी अशी: आधी ड्रायरचा फोटो. मग मोबाइलवर त्याचा आवाज, अगदी बारीक, बटण मुलाच्याच हातात. मग घरचा केस वाळवायचा ड्रायर, आधी बाल्कनीत, नंतर खोलीत. मग मॉल, सकाळी उघडल्या उघडल्या, टॉयलेटच्या दाराबाहेर ५ मिनिटं. मग आत, ड्रायर बंद. मग 'तीन, दोन, एक' मोजून ३ सेकंद चालू. शेवटी त्याचा स्वतःचा हात. प्रत्येक पायरीवर ० ते १० मधला आकडा विचारायचा आणि तो निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. ८ वर असताना बाहेर पडलात, तर मूल एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

गाडी अडली ती मोजणीच्या पायरीवर. ड्रायर सेन्सरचा, भलत्याच माणसाने हात पुढे केला आणि मोजणीआधीच तो घरघरला. भीती आवाजाची कमी आणि अवचितपणाची जास्त, हे तेव्हा लक्षात आलं. दोन पायऱ्या खाली उतरून नवीन पायरी घातली: 'पुढच्या मिनिटात कधीतरी वाजेल' एवढंच सांगायचं आणि घरचा ड्रायर ग्रुपमधल्या मुलांनी आळीपाळीने लावायचा. एकेकट्या सेशनमध्ये हे नीट जमत नाही, थेरपिस्टचा चेहराच आधी चुगली करतो. शिवाय लिफ्टला घाबरणारा मुलगा 'माझा लिफ्टमध्ये ७ असतो' म्हणाला, तेव्हा याने पहिल्यांदा आपला खरा आकडा सांगितला.

आता पालक. 'काही नाही होत रे' दहादा म्हटलं की मुलाला वाटतं, काहीतरी नक्की होणार. त्याऐवजी 'आत्ता किती?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे बाहेरच्या बाकावर बसून शिकता येत नाही. ऑटिस्टिक मुलांच्या भीतीसाठी कोलोरॅडो विद्यापीठात ज्युडी रीवन आणि सहकाऱ्यांनी बसवलेला कार्यक्रम १४ आठवड्यांचा आहे, वय ८ ते १४, आणि पालक पहिल्या दिवसापासून त्यात असतात. पहिली सात सेशन्स भीती ओळखण्याची, पुढची सात प्रत्यक्ष सामोरं जाण्याची. आपल्याकडे भावना ओळखायला म्हणून हसरे-रडके चेहरे रंगवण्यातच महिने जातात. 'पालक असले की मुलं हट्ट करतात,' हे मीटिंगांमधून वर्षानुवर्षं ऐकतेय. करतातच! तो हट्ट सांभाळायलाच तर पालकांना आत घ्यायचं. आठवड्यातला दीड तास आमचा, बाकी मूल तुमच्याकडेच असतं. घरी आठवड्यातून तीनदा १० मिनिटं सराव झाला नाही, तर पैसे वाया.

हो, एक राहिलं. आवाजाने कान खरंच दुखत असतील तर आधी ऑडिओलॉजिस्ट (कान तपासणारे) आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शिडी नंतर. इअरमफ चालतील, पण ते काढण्याच्याही पायऱ्या ठरवा. लघवी तासन्‌तास रोखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. अजिबात न बोलणाऱ्या मुलाला हा साचा जसाच्या तसा लागू पडत नाही.

फी सेंटरगणिक वेगळी. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत थेरपीचा काही खर्च परत मिळतो, त्यासाठी अपंगत्व प्रमाणपत्र लागतं. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: पालकांचा वेळ किती मिनिटं, आणि किती सेशन्स खोलीबाहेर होणार.