सत्तावीस अधिक दोन : तो एक रुपया जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तिघे मित्र लॉजवर खोली घेतात, प्रत्येकी १० काढून ३० रुपये भरतात. नंतर मॅनेजरच्या लक्षात येतं की भाडं २५ च आहे. तो पोऱ्याच्या हाती ५ रुपये परत पाठवतो. पाचाचे तीन सारखे वाटे होत नाहीत म्हणून पोऱ्या २ रुपये खिशात घालतो आणि तिघांना एकेक रुपया देतो. म्हणजे प्रत्येकाचे ९ गेले. नऊ त्रिक सत्तावीस, पोऱ्याकडचे २ मिळून २९. मग तिसावा रुपया कुठे गेला? पुढे तुम्ही म्हणता, "ते २ रुपये २७ मध्येच आहेत हे कळलं, तरी रुपया हरवल्यासारखं वाटतंच. असं का?"

खरी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. कोड्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. तिघांच्या खिशातून २७ गेले. त्यातले २५ गल्ल्यात, २ पोऱ्याकडे. ३० च जुळवायचे असतील तर गल्ल्यातले २५, पोऱ्याचे २ आणि तिघांच्या हातात परत आलेले ३. दोन्हीकडून मेळ बसतो. पण या उत्तरानं होतं काय, की कोड्यातल्या बेरजेशेजारी आपण दुसरी, बरोबर बेरीज मांडून मोकळे होतो. ती २९ मात्र डोक्यात तशीच उभी राहते. ते २९ नक्की कशाचे, हे कोणी सांगतच नाही. म्हणून आधी तिच्याकडेच बघू.

आकडे बदला. भाडं २० निघालं असं धरा. १० परत आले, पोऱ्यानं ४ ठेवले, तिघांना दोन-दोन दिले. प्रत्येकाचे ८ गेले. आठ त्रिक चोवीस, अधिक ४, झाले २८. आता दोन रुपये गायब! पुन्हा भाडं २५ च ठेवा, पण पोऱ्या पाचही ढापतो. प्रत्येकाचे १० गेले, ३० अधिक ५, म्हणजे ३५. हे वरचे पाच कुठून उगवले? आणि आता मॅनेजरनं खोली फुकटच दिली आणि पोऱ्यानं इमानदारीत ३० च्या ३० परत केले असं समजा. गेले शून्य, पोऱ्याकडे शून्य, बेरीज शून्य. अख्खे तीस रुपये "हरवले", आणि ते तिघांच्या हातात आहेत.

चारही वेळा "हरवलेली" रक्कम म्हणजे तिघांना परत मिळालेल्या रकमेतून पोऱ्यानं ठेवलेली वजा केली की जे उरतं ते. मूळ कोड्यात ३ वजा २, म्हणजे १. मग ६ वजा ४, म्हणजे २. मग ० वजा ५, म्हणून पाच जास्तीचे. शेवटी ३० वजा ०. हे असंच का येतं? मूळचे ३० रुपये तीन ठिकाणी आहेत: २५ अधिक २ अधिक ३. कोड्यातली बेरीज फोडली तर निघते २५ अधिक २ अधिक २. म्हणजे परतीचे ३ काढून त्या जागी पोऱ्याचे २ दुसऱ्यांदा बसवले आहेत. तिनाच्या जागी दोन आले की एक कमी पडणारच. तुम्हाला जो रुपया हरवल्यासारखा वाटतो, तो हा.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. भाडं २४ धरा. सहा परत आले, पोऱ्यानं ३ ठेवले, तिघांना एकेक दिला. नऊ त्रिक सत्तावीस, अधिक ३, बरोब्बर ३०. बेरीज तितकीच चुकीची, पण आकडा जुळला म्हणून शंका कोणालाच येत नाही. मूळ कोड्यात निदान काहीतरी खटकतं तरी! (रोकड जुळली की वही मिटायची, ही सवय असलेल्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं.)

आता माणूस का फसतो, याकडे. एक कारण उघड आहे: २९ हे ३० ला अगदी खेटून आहे. खोली फुकट मिळाल्याची गोष्ट सांगितली असती तर ऐकणारा हसला असता, "अहो, पैसे त्यांच्याकडेच आहेत की!" फरक एकाचाच असला की वाटतं, हिशेब मुळात बरोबर आहे, कुठेतरी एक रुपया निसटलाय. मग आपण तो शोधायला लागतो. प्रश्नही तसाच विचारलेला असतो. "कुठे गेला?" म्हटलं की तो गेला हे आपण न बोलता कबूल करून बसतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. बरेच जण अशा वेळी गुणाकार पुन्हा करून बघतात, मग बेरीज. दोन्ही बरोबर निघतात आणि गोंधळ वाढतो. शेन फ्रेडरिक या संशोधकानं २००५ साली मांडलेल्या चाचणीत एक प्रसिद्ध प्रश्न आहे: बॅट आणि चेंडू मिळून एक डॉलर दहा सेंट, बॅट चेंडूपेक्षा एक डॉलरनं महाग, तर चेंडू कितीचा? पटकन तोंडात येतं दहा सेंट. पण ताळा केला तर एकूण एक डॉलर वीस सेंट होतात आणि चूक सापडते. चेंडू पाच सेंटचा. तिथं ताळा केला की सुटका होते. इथं होत नाही, कारण कोणतीही क्रिया चुकलेली नाही. नऊ त्रिक सत्तावीसच, सत्तावीस आणि दोन एकोणतीसच. चुकलंय ते कशात काय मिळवायचं हे ठरवण्यात, आणि ते ठरवणं सांगणाऱ्यानं आपल्या वतीनं आधीच उरकलेलं असतं.

जमाखर्च लिहिणाऱ्याला हे लगेच दिसतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. तिचं मर्म हेच की प्रत्येक रक्कम एका बाजूनं देणं असते आणि दुसऱ्या बाजूनं येणं. तिघांचे २७ ही देण्याची बाजू, गल्ल्याचे २५ आणि पोऱ्याचे २ ही येण्याची. एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूत मिळवला तर जे येतं त्याला नावच नाही.

याच जातीचं आणखी एक कोडं आहे. खिशात ५० रुपये. २० खर्च, उरले ३०. १५ खर्च, उरले १५. ९ खर्च, उरले ६. ६ खर्च, उरले ०. खर्चाची बेरीज ५०, शिल्लकीची ५१. इथं तर शिल्लकांची बेरीज करण्याचंच कारण नाही. दहा-दहा करून खर्च केलात तर तीच बेरीज १०० होईल, एकदम ५० उडवलेत तर शून्य.

पण म्हणून अशा प्रत्येक कोड्यात "काही हरवलेलं नसतं" असं ठोकून देऊ नका. हे बघा: दोघी विक्रेत्या, दोघींकडे तीस-तीस फळं. पहिली रुपयाला २ देते, दुसरी रुपयाला ३. वेगवेगळं विकलं तर १५ आणि १०, मिळून २५ रुपये. दोघी माल एकत्र करतात आणि दोन रुपयांना ५ लावतात. साठ फळांचे येतात २४. इथं रुपया खरोखरच कमी आला. दहा वाटे विकले जाईपर्यंत सगळं ठीक असतं, प्रत्येक वाट्यात दोन महाग आणि तीन स्वस्त. दहा वाट्यांत स्वस्त फळं संपतात आणि महागातली १० उरतात. त्यांचे ५ यायला हवे होते, ती आता दोनाला पाच या भावानं ४ रुपयांत जातात. तो रुपया गिऱ्हाइकांच्या खिशात राहिला.

हेच उलटं फिरवलेलं कोडं फार जुनं आहे. ८०४ साली वारलेल्या आल्क्विन या इंग्लिश विद्वानाच्या नावावरच्या कोड्यांच्या लॅटिन संग्रहात दोन व्यापारी १०० सोलिडस नाणी देऊन दोनाला पाच या भावानं २५० डुकरं घेतात. मग १२० डुकरं नाण्याला २ आणि १२० डुकरं नाण्याला ३ अशी विकतात. साठ अधिक चाळीस, शंभर नाणी परत आली, वर १० डुकरं शिल्लक. फळांच्या हिशेबात नगामागे एक साठांश फरक पडला होता, इथंही तेवढाच पडतो. २४० नगांवर तो होतो ४ सोलिडस, आणि खरेदीच्या भावानं ४ सोलिडसची डुकरं येतात बरोबर दहा.