अकरा वर्षांचा मुलगा, खासगी हॉकी क्लब आणि शुक्रवारची मुदत

पत्र: आम्ही बॉस्टनजवळच्या एका उपनगरात राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, पाचवीत आहे. जन्म नोव्हेंबरचा. सहाव्या वर्षापासून गावच्या असोसिएशनकडून आईस हॉकी खेळतो. यंदा त्याला १२ वर्षांखालील 'ए' टीममध्ये न घेता 'बी'मध्ये टाकलं. 'ए' टीमच्या कोचचा स्वतःचा मुलगा त्याच टीममध्ये आहे. आता एका खासगी क्लबने ट्रायआउटनंतर, म्हणजे निवड चाचणीनंतर, जागा देऊ केली आहे. फी १२,००० डॉलर. प्रवास आणि हॉटेलं धरली तर वर्षाला १५,००० च्या घरात जाईल. गावच्या टीमला याच्या पाव खर्चही येत नाही. बाबांचं म्हणणं, आत्ता नाही तर कधीच नाही, पुढे कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली की सगळं वसूल होईल. आईचं म्हणणं, अभ्यास आणि घर दोन्हीची फरफट होईल. आठ वर्षांच्या मुलीलाही हॉकी खेळायचीय, पण सध्या एकाचंच निभावताना नाकी नऊ येताहेत. शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचं आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. मतभेद असूनही तुम्ही दोघांनी मिळून एकच पत्र लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक घरांत एक जण मला फोन करतो आणि दुसऱ्याला ते नंतर कळतं.

आधी माझं मत सांगतो. या वर्षी क्लब नको. गावच्या टीममध्येच राहू द्या आणि पुढच्या वसंतात पुन्हा विचार करा. पण आईचं बरोबर आणि बाबांचं चूक, असा याचा अर्थ काढू नका. बाबांच्या काही मुद्द्यांत खरोखर दम आहे, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही ओझरता लिहिलाय: नोव्हेंबर. यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या राष्ट्रीय आईस हॉकी संघटनेचे वयोगट जन्मवर्षावर, म्हणजे १ जानेवारीपासून ठरतात आणि एका गटात दोन जन्मवर्षांची मुलं येतात. म्हणजे यंदाच्या १२ वर्षांखालील गटात तुमचा मुलगा जवळजवळ सर्वांत लहान. त्याच्या समोरची काही मुलं त्याच्याहून बावीस महिन्यांनी मोठी असणार. या वयात बावीस महिने म्हणजे उंचीत, वजनात, पायांच्या ताकदीत केवढा फरक! १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या स्तरावरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा दिसला. नोव्हेंबर-डिसेंबरवाले मागे पडलेले होते. त्याचं कारण साधं आहे. मोठ्या मुलाची निवड होते, त्याला चांगला कोच आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. इतर अनेक खेळांतही पुढे हेच आढळलं.

तेव्हा 'बी' टीम हा मुलाच्या गुणवत्तेवरचा निकाल समजू नका. असोसिएशनच्या राजकारणाचा तो पुरावा आहे, असंही लगेच धरू नका. कोचचा मुलगा टीममध्ये आहे हे मला दिसतंय, आणि अशा ठिकाणी पक्षपात होतो हेही मी नाकारत नाही. पण पुढच्या मोसमात तुमचा मुलगा याच गटातल्या मोठ्या निम्म्यात असेल. आज त्याच्यावर भारी पडणारी बरीच मुलं वरच्या गटात गेलेली असतील. काहीही जादा न भरता त्याला एक वर्ष मोठं होण्याची संधी मिळते आहे, ती मला सोडवत नाही.

आता बाबांशी थोडं सविस्तर बोलतो, कारण स्कॉलरशिपचा हिशेब मला सर्वांत जास्त खटकतोय. वर्षाला १५,००० म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत सात वर्षांत एक लाख डॉलरच्या वर. हा पैसा हमखास खर्च होणार. आता दुसरी बाजू बघा. पूर्ण अमेरिकेत एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या हॉकीचे साठेकच संघ आहेत. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. तुमच्या शेजारच्या हार्वर्डसह आयव्ही लीगमधलं, म्हणजे त्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांतलं, कुठलंही कॉलेज खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप देत नाही, घरच्या गरजेवर मदत देतं. जिथे मिळते तिथेही ती पूर्ण मिळेलच असं नाही. एका संघाला १८ स्कॉलरशिपांची मर्यादा होती तेव्हा त्या पंचवीसेक खेळाडूंत वाटल्या जात. २०२५ पासून ते नियम बदलले आहेत, पण कुणाला किती द्यायचं हे शेवटी कॉलेजच ठरवतं.

त्यात स्पर्धा आणखी वाढली आहे. कॅनडाच्या सीएचएल या ज्युनियर लीगमध्ये (साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या) खेळलेल्यांना पूर्वी एनसीएएची दारं बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२५ पासून ही मुलंही अमेरिकन कॉलेजांत येऊ लागली. शिवाय कॉलेज हॉकीत पहिल्या वर्षाचा मुलगा पुष्कळदा विशीचा असतो, कारण बारावीनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकी खेळून तो येतो. म्हणजे तुमच्या मुलाला अजून आठ-नऊ वर्षांची वाट चालायची आहे. आणि क्लबवाले 'आमच्या सामन्यांना कॉलेजचे लोक येतात' म्हणतात ना, तर नियम असा आहे की कॉलेजचे कोच भरतीबद्दल मुलाशी दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीनंतरच बोलू शकतात. पाचवीतल्या मुलासाठी तिथे कुणीही येत नाही. स्कॉलरशिपच्या भरवशावर बसू नका. कॉलेजसाठीच पैसे ठेवायचे असतील तर तेच ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाका. मुलगा हॉकी खेळो वा न खेळो, ते त्याच्या शिक्षणासाठी राहतील.

हे सगळं वजा करूनही खासगी क्लबची बाजू उरते, आणि ती मला मान्य आहे. चांगल्या क्लबमध्ये कोच कुणाच्या तरी घरचे बाबा नसतात, तो त्यांचा पेशा असतो. टीम बहुधा एकाच जन्मवर्षाची असते, म्हणजे तुमच्या मुलासमोर बारा महिन्यांपेक्षा मोठं कुणी नसेल. नोव्हेंबरवाल्या मुलासाठी हा फायदा खरा आहे. बर्फावर जास्त वेळ मिळतो आणि आजूबाजूची मुलं गंभीरपणे खेळणारी असतात. फी परवडत असेल आणि तुम्ही ती मुलाच्या आनंदासाठी भरत असाल, तर त्यात काही वावगं नाही. माझा आक्षेप गुंतवणूक म्हणून भरण्याला आहे. कारण मग प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर गाडीत घरी येताना मुलाला त्या पैशांचं ओझं जाणवतं. आईबाप एक शब्द बोलले नाहीत तरी जाणवतं.

क्लब चांगला आहे की नाही हे सामना बघून कळत नाही, सराव बघून कळतं. माहितीपत्रक आणि भिंतीवरचे करंडक बाजूला ठेवा आणि एका साध्या सरावाला न सांगता जाऊन काचेपाशी उभे राहा. तुमच्या मुलाच्या चणीचं एखादं पोर हेरा आणि फक्त त्याच्याकडे बघा. ते किती वेळ फिरतंय आणि किती वेळ बोर्डला टेकून रांगेत आपल्या पाळीची वाट बघतंय? चांगल्या सरावात बर्फाचं मैदान छोट्या भागांत वाटलेलं असतं. एका कोपऱ्यात तीन विरुद्ध तीन चालू असतं, दुसऱ्या कोपऱ्यात स्केटच्या पात्याच्या कडेवर वळण्याचा सराव, आणि कोच मुलांना पांढऱ्या फळ्याभोवती गोळा करून उगाच भाषण देत नाही. पोर चुकलं की कोच त्याच्यापाशी जातो की लांबून ओरडतो? पाण्याच्या बाटलीपाशी मुलं हसतात का? अर्ध्या तासात तुम्हाला पुरेसं कळेल.

मग वेळापत्रक मागा. यूएसए हॉकीने २००९ मध्ये आणलेल्या विकास आराखड्यात एका सामन्यामागे तीन सराव असावेत, असा आग्रह आहे. सामन्यात एका मुलाच्या स्टिकवर पक (खेळायची रबरी चकती) काही सेकंदच असतो, शिकणं होतं ते सरावात. या क्लबचं प्रमाण उलटं असेल, म्हणजे सराव थोडे आणि शनिवार-रविवार दूरच्या स्पर्धा, तर तुमचे पैसे हॉटेलवाल्यांकडे जाणार. क्लब यूएसए हॉकीशी संलग्न आहे का, हेही विचारा. संलग्न असेल तर कोचची पार्श्वभूमी तपासलेली असते, त्यांना सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंवरचे अत्याचार रोखण्याचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मुलांना विमा असतो. कपडे बदलायच्या खोलीत मुलांवर कोण लक्ष ठेवतं, हे विचारायला संकोचू नका. आणि करारात, मुलाला दुखापत झाली किंवा त्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या फीचं काय, ते वाचल्याशिवाय सही नको.

शरीराचा मुद्दा राहिलाच. १२ वर्षांखालील गटात बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन समोरच्याला अडवणं, यूएसए हॉकीने २०११-१२ च्या मोसमापासून बंद केलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० साली, कॅनडातल्या एका अभ्यासात चेकिंगला परवानगी असलेल्या अल्बर्टातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना क्विबेकमधल्या मुलांपेक्षा मेंदूला मार बसण्याचा धोका तिपटीहून जास्त आढळला होता. क्विबेकमध्ये त्या वयाला चेकिंग नव्हतं. अमेरिकेत १४ वर्षांखालील गटापासून चेकिंगला सुरुवात होते. तुमचा मुलगा तिथे पोचेल तेव्हा तेरासुद्धा पूर्ण नसेल. येणाऱ्या एका मोसमात त्याने तोल सांभाळणं, मान वर ठेवून खेळणं आणि धक्का कसा घ्यायचा हे शिकलं पाहिजे. फीमधल्या फरकातला थोडा भाग स्केटिंगच्या चांगल्या शिक्षकावर खर्च केलात तर त्याचा उपयोग कुठल्याही टीममध्ये होईल.

उन्हाळ्यात स्केट्स कपाटात ठेवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये सांगितलं की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपून घेऊ नये. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी असावी, हवं तर महिन्या-महिन्याने. हॉकीत स्केटिंगच्या ढबीमुळे वाढत्या वयात खुब्याच्या सांध्यावर ताण येतो, म्हणून इथे हे जास्त लागू आहे. वेन ग्रेट्स्की लहानपणी उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळायचा. क्लबच्या करारात उन्हाळी शिबिर सक्तीचं असेल तर माझ्या दृष्टीने नकाराला तेवढं कारण पुरेसं आहे.

'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती बाबांच्या मनात खोलवर आहे, असं पत्रातून वाटलं. मिनेसोटा राज्याकडे बघा. तिथे बहुतेक मुलं आपल्या गावच्या असोसिएशनमधून आणि मग आपल्या हायस्कूलमधून खेळतात, आणि तिथून कॉलेज व एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये सतत खेळाडू जात असतात. आपल्या भारतीय वंशाच्या मुलांपैकी अर्शदीप बैन्स बघा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणीच घेतलं नाही. तरी २०२१-२२ मध्ये तो वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हँकुव्हर कनक्सकडून एनएचएलमध्ये उतरला. सगळ्यांचं असं होत नाही, हे खरंच. पण अकराव्या वर्षी दार बंद होत नाही, एवढं यावरून कळतं.

पूर्ण पत्रात मुलाचं स्वतःचं म्हणणं मला कुठे सापडलं नाही. त्याला विचारा, पण 'क्लबमध्ये जायचंय का?' असं विचारू नका. त्याला तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर कळेल. सरावाहून आल्यावर आज काय नवीन केलंस, कुणाबरोबर खेळायला मजा येते, 'बी' टीममध्ये काय आवडत नाही, असं विचारा. गावच्या टीममधली मुलं त्याच्याच शाळेत असतात, हे त्याच्या लेखी कदाचित तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठं असेल. कोणी न सांगता तो ड्राइव्हवेवर पक मारत बसत असेल आणि पुढच्या वर्षी स्वतःहून क्लबचं नाव काढत असेल, तर मी माझं मत आनंदाने बदलेन.

शुक्रवारच्या मुदतीने घाबरून जाऊ नका. क्लबला दोन ओळींचा ईमेल पाठवा: आभार, यंदा नाही, पुढच्या ट्रायआउटला यायला आवडेल. गावच्या असोसिएशनलाही एक भेट मागा आणि मुलाने कशावर काम करावं ते विचारा. भांडायला जाऊ नका. कोचच्या मुलाचा विषय काढायचाच असेल तर पुढच्या वर्षी ट्रायआउटला बाहेरचे परीक्षक असावेत, एवढी सूचना करा.

आता धाकटीचं. या प्रश्नाला पत्रात एकच वाक्य मिळालंय, पण मी तो सोडणार नाही. एकाचे १५,००० वाचले तर दोघांचं निभेल. मुलींच्या हॉकीत कॉलेजच्या जागा आहेत, आणि जानेवारी २०२४ पासून पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीगही चालू आहे. त्यात बॉस्टनचा संघ आहे. पण ते सगळं पुढचं. यूएसए हॉकीच्या मोफत हॉकी करून बघण्याच्या दिवशी मुलांना साहित्यासकट बर्फावर उतरवतात. तुमच्या जवळच्या रिंकवर असा दिवस कधी आहे ते बघा आणि तिचं नाव नोंदवा. दादाला सोबत न्या. तिला पहिल्यांदा उभं राहायला त्यानेच शिकवावं.