जांघेतली शीर बुजली, आता हृदयापर्यंत वाट कुठून?

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दोन महिन्यांची असताना हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आयसीयूत दोन्ही जांघांत लाइन घातल्या होत्या. आता वरच्या कप्प्यांमधलं छिद्र डिव्हाइसने बंद करायचंय, पण जांघेतल्या दोन्ही शिरा बुजलेल्या निघाल्या. डॉक्टर लिव्हरमधून जाऊ म्हणतात. मानेतून का नाही? फार भीती वाटते.
— एक आई, सांगली

उत्तर : तान्ह्या बाळाची शीर काही मिलिमीटरचीच. तीत नळी राहिली की गुठळी होऊन ती बुजू शकते. यात तुमची काहीच चूक नाही.

दाब मोजायला मानेची वाट उत्तम. पण वरून उतरणारी नळी दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जवळजवळ समांतर येते, त्यामुळे डिव्हाइसची चकती तिरकी उघडते आणि कडेला नीट बसत नाही. यकृताच्या शिरा हृदयाच्या लगेच खाली महाशिरेला मिळतात. तिथून नळी थेट पडद्यावर जाते.

पूर्ण भूल देऊन, सोनोग्राफीत बघत उजव्या कुशीतून बारीक सुई यकृताच्या शिरेत घालतात आणि थोडं डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडतात. डाय हृदयाकडे वाहिलं तर जागा बरोबर. यकृताच्या कडांकडे पसरलं तर सुई दुसऱ्याच शिरेत आहे, ती मागे घ्यायची. मग वायर, वायरवरून शीथ, म्हणजे ज्यातून डिव्हाइस नेतात ती पोकळ नळी. गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं हेपारिन शीथ बसल्यावरच.

खरी जोखीम परतताना, म्हणजे शीथ काढताना असते. जांघ दाबून धरता येते, यकृत दाबता येत नाही. वाट उघडी राहिली तर रक्त पोटात साचतं. म्हणून शीथ शिरेबाहेर, यकृताच्या मांसल भागात आणून, डायने खात्री करून, तिथे कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) किंवा जेलफोमने (विरघळणाऱ्या स्पंजने) वाट बुजवतात. कॉइल शिरेतच सुटली तर वाहत हृदयात जाऊ शकते. ‘वाट कशाने बंद करणार, आणि याआधी अशा किती केसेस केल्यात?’ हे आधीच विचारा. विचारण्यात संकोच नको.

जुनी डिस्चार्ज कार्डं सोबत न्या. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) तपासलेले हवेत. रक्त गोठण्यात दोष किंवा पोटात पाणी असेल तर ही वाट सहसा टाळतात.

नंतर हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी पुन्हा होते. मूल पांढरंफटक दिसलं, नाडी जोरात चालली, पोट फुगलं किंवा उजवा खांदा दुखतो म्हणाली, तर नर्सला त्याच क्षणी बोलवा. घरी आल्यावर असं झालं तर थेट इमर्जन्सीत न्या.