नगर रचनाकार होण्याची मुलीची इच्छा, आणि आरक्षणात अडकलेली वडिलांची जमीन

नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, तिचे गणित चांगले आहे, आणि 2019 व पुन्हा 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी आपल्या गल्लीत शिरले तेव्हापासून ‘इथे घरे बांधायला परवानगी कोणी दिली?’ हा प्रश्न तिने सोडलेला नाही. तिला नगर रचनाकार व्हायचे आहे. आपला अनुभव मात्र कडवट आहे. आपल्या 11 गुंठे जमिनीवर विकास योजनेत, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यात, क्रीडांगणाचे आरक्षण पडून 17 वर्षे झाली. ती जमीन ना ताब्यात घेतली गेली, ना आपल्याला तिच्यावर काही बांधता आले. ‘ज्या टेबलाने आम्हाला इतकी वर्षे फिरवले, त्याच टेबलामागे मुलीला बसवायचे का?’ असे आपण विचारले आहे. या क्षेत्राबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत फक्त पगार आणि प्रवेश परीक्षा विचारलेली असते, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो.

हे काम नकाशे रंगवण्याचे आहे असा मुलांचा समज असतो. नकाशा रंगवलेला असतो हे खरे: निवासी भाग पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, शेती आणि मोकळ्या जागा हिरव्या. पण आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हे शब्द ज्या आवाजात उच्चारले जातात तो आवाज आपण ऐकलाच असेल. रेषेच्या अलीकडचा गुंठा आणि पलीकडचा गुंठा यांची माती एकच असते, भाव मात्र कित्येक पटींनी वेगळा असतो, आणि ती रेषा आखणाऱ्या माणसावर येणारा दबाव याच फरकातून निर्माण होतो. नगर रचनाकाराच्या कामाचा गाभा म्हणजे ही रेषा आखणे, आणि ज्याच्या जमिनीवरून ती गेली त्याच्यासमोर बसून ती तिथूनच का गेली हे सांगता येणे. ज्याला हे दुसरे जमत नाही, त्याने कितीही सुबक नकाशे काढले तरी तो या कामात दुःखी होतो.

काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण निर्णय त्यावरच घ्यायला हवा. महाराष्ट्रात हे सारे काम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली चालते. विकास योजना करताना आधी विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, म्हणजे गल्लीगल्ली फिरून कुठे घर आहे, कुठे गिरणी आहे, कुठे ओढा बुजवून गोठा बांधला आहे हे नोंदवायचे. हे पायपिटीचे काम कंटाळवाणे वाटते आणि ते कच्चे राहिले तर पुढचे सगळे कोसळते. मुंबईच्या विकास योजनेचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या, की दोनच महिन्यांत तो नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले आणि सुधारित योजनेला शासनाची मंजुरी मिळायला 2018 उजाडले. पाहणीनंतर प्रारूप योजना प्रसिद्ध होते, नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि अखेर शासन मंजुरी देते. सुनावणीच्या दिवशी एकामागून एक माणसे सातबारा हातात घेऊन आत येतात. अशी एक सुनावणी मी मागच्या बाकावर बसून पाहिली आहे, आणि व्यवसाय मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तकाने मला या नोकरीबद्दल तेवढे शिकवले नाही.

योजना मंजूर झाल्यावर रोजचे काम सुरू होते ते परवानग्यांचे: झोन दाखला (जमीन कोणत्या झोनमध्ये आहे याचा), भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला त्या जागेचा भाग), रेखांकनाची (लेआउटची) मंजुरी, बांधकाम परवानगी, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती, चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते) किती, मोठ्या रेखांकनात 10 टक्के खुली जागा कुठे सोडायची, हे तिच्यातून ठरते. आपल्या मुलीचा पुराचा प्रश्नही इथेच येतो. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे बांधकाम निषिद्ध असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये ते अटींवर होऊ शकते. पण पूररेषा पाटबंधारे खाते आखते, परवानगी नगरपरिषद देते, आणि गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवर, आधीच उभ्या राहिलेल्या घरांना परवानगी कोणीच दिलेली नसते. ‘परवानगी कोणी दिली’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी ‘कोणीही नाही’ असे असते, हे तिला आत्ताच कळलेले बरे.

भ्रष्टाचाराबद्दल आपण आडपडदा न ठेवता लिहिले आहे, म्हणून मीही तसेच लिहितो. परवानगी देणाऱ्या टेबलाभोवती पैसा फिरतो, आणि आपली मुलगी त्या टेबलावर बसली तर तिलाही तो दिसेल. तिच्या हातात दोन गोष्टी राहतील: नियम तोंडपाठ असणे, आणि नकार कारणांसह लेखी देण्याची सवय. अर्ज आणि छाननी आता बरीचशी संगणक प्रणालीवर होत असल्याने विलंब कोणाकडे झाला हे पूर्वीपेक्षा लवकर उघड होते. बदली मात्र होतच राहील. ज्या घराला बदलीची धास्ती वाटते त्या घराने या सरकारी नोकरीचा विचार जपून करावा.

आता शिक्षणाविषयी, थोडक्यात. बारावीनंतर नियोजनाची चार वर्षांची पदवी, म्हणजे बी.प्लॅन., घेता येते. त्यासाठी बारावीत गणित लागते आणि जेईई मेनचा पेपर 2 ब द्यावा लागतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था आहेत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतही नियोजनाचे शिक्षण मिळते. दुसरा मार्ग म्हणजे आधी स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राची पदवी आणि मग गेट या परीक्षेच्या गुणांवर एम.प्लॅन. किंवा एम.टेक. ही पदव्युत्तर पदवी. आपल्या मुलीसाठी मी दुसऱ्या मार्गाकडे झुकतो, आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागातील रचना सहायक या पदाच्या 2024 च्या भरतीत अर्हता स्थापत्य, वास्तुशास्त्र आणि तत्सम शाखांतील तीन वर्षांच्या पदविकेची होती व वेतनश्रेणी 38,600 ते 1,22,800 रुपये होती. त्यावरची सहायक नगर रचनाकार आणि नगर रचनाकार ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. या जाहिरातींत स्थापत्य अभियंत्याला सहसा कुठेच अडचण येत नाही. केवळ नियोजनाची पदवी असलेल्याने मात्र प्रत्येक जाहिरातीतील अर्हतेचे कलम शब्दन् शब्द वाचावे. मात्र तिला सरकारी नोकरीपेक्षा सल्लागार संस्थांत किंवा सिडको, एमएमआरडीए, पीएमआरडीए यांसारख्या प्राधिकरणांच्या नियोजनाच्या कामात रस असेल, तर बी.प्लॅन. अधिक थेट आहे. विभागाच्या नावातील ‘मूल्यनिर्धारण’ या शब्दाकडेही तिचे लक्ष वेधा. जमिनीचे मूल्य ठरवणे हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि ज्यांना आकडेमोड नकोशी होते ते तिथे अडखळतात.

राहिला आपला आरक्षणाचा प्रश्न. मी वकील नाही, पण याच अधिनियमाचे कलम 127 आपण एखाद्या जाणकार वकिलाला दाखवावे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला खरेदी सूचना (जमीन संपादित करा अशी नोटीस) देता येते, आणि ती दिल्यापासून 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सूचना दिली नाही, तर वर्षे नुसती उलटत राहतात. दरम्यान योजना सुधारित झाली असेल तर ही मुदत कशी मोजायची हे वकीलच सांगेल.

माझी सूचना अशी, की हे कागद गोळा करण्याचे काम आपण मुलीकडे द्यावे. तिने स्वतः अर्ज करून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मिळवावा, विकास योजनेचा अहवाल मागून वाचावा, आपल्या भागाला लोकसंख्येच्या मानाने किती क्रीडांगणे हवी होती आणि प्रत्यक्षात किती झाली ते मोजावे. मग तिने दोन पाने लिहावीत: एका पानावर आपली बाजू, आणि दुसऱ्या पानावर त्याच 11 गुंठ्यांवर क्रीडांगण का हवे होते याची नगरपरिषदेची बाजू. दुसरे पान लिहिताना ती रागावली आणि तरीही तिने ते पूर्ण केले, तर जेईईचा अर्ज भरताना पेपर 2 ब वर खूण करू द्या. अभियांत्रिकीचा पर्याय त्यामुळे बंद होत नाही. ती दोन्ही पाने मला पाठवलीत तर वाचायला आवडेल.