स्टारगेट असताना अंतराळयानं कशाला लागतात?

तुम्ही विचारलंय की स्टारगेटमध्ये त्या गोल कड्यातून पाऊल टाकलं की माणूस थेट दुसऱ्या ग्रहावर उतरतो, तर मग त्याच मालिकेत पिरॅमिडएवढी यानं घेऊन कोणी कशाला हिंडेल? आणि गेटचे नियम लेखक गोष्टीच्या सोयीने वाकवतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. नियम फारसे वाकत नाहीत. १९९४चा चित्रपट, मग १९९७ ते २००७ अशी दहा सीझन चाललेली एसजी-१, पाठोपाठ अटलांटिस आणि युनिव्हर्स या मालिका. एवढ्या पसाऱ्यात इतके लेखक बदलले तरी गेट काय करू शकतं आणि काय नाही, हे जवळपास तसंच राहिलं. मला ही मालिका मनापासून आवडते ती यासाठी. यानांची गरजही गेटला जे जमत नाही त्यातूनच उभी राहते.

आधी गेट. नाक्वादा नावाच्या काल्पनिक खनिजापासून घडवलेलं कडं, त्यावर ३९ चिन्हं आणि सात चेव्हरॉनचा, म्हणजे चिन्ह पक्कं करणाऱ्या खाचांचा, पत्ता. सहा चिन्हं मुक्कामाची, सातवं जिथून निघालो तिथलं. उरलेल्या ३८ चिन्हांतून एकही पुन्हा न वापरता सहा क्रमाने लावायची, तर १९८ कोटींहून जास्त पत्ते तयार होतात, आणि त्यातले बहुतेक कुठेच लागत नाहीत. म्हणून अबायडोस ग्रहावर कोरलेली पत्त्यांची यादी सापडणं एवढी मोठी घटना ठरते. तरीही त्या यादीतले पत्ते लगेच चालत नाहीत. यादी हजारो वर्षं जुनी आणि दरम्यान तारे सरकलेले. अबायडोस जवळ असल्याने तिथलं गणित चुकलं नाही. बाकीच्यांसाठी एसजी-१ पथकातली शास्त्रज्ञ कार्टर हिला दुरुस्ती करावी लागते. हे अगदी शास्त्राला धरून आहे. आपला सूर्यच आकाशगंगेभोवती ताशी सुमारे आठ लाख किलोमीटरने फिरतोय आणि प्रत्येक ताऱ्याची चाल थोडी वेगळी आहे.

सहा तारकासमूहांनी अवकाशातला एक बिंदू ठरतो, हे चित्रपटातलं स्पष्टीकरण मात्र मला पटत नाही. तारकासमूह म्हणजे बिंदू नव्हे. एकट्या मृगातच बेलाट्रिक्स सुमारे २५० प्रकाशवर्षांवर आहे, तर रायजेल साडेआठशेच्या पुढे. ती आकृती फक्त आपल्या जागेवरून बघणाऱ्यालाच तशी दिसते. चिन्हांकडे निव्वळ पत्त्याची अक्षरं म्हणून बघितलं की काही अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेटमध्ये शिरलेली वस्तू अख्खीच्या अख्खी बोगद्यातून चालत जात नाही. पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या पडद्याला स्पर्श झाला की ती सुटी होते, ऊर्जेच्या प्रवाहाच्या रूपात वर्महोलमधून, म्हणजे दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या त्या बोगद्यातून, जाते आणि पलीकडचं गेट ती पुन्हा जुळवतं. खऱ्या भौतिकशास्त्रात वर्महोलसाठी असं काही करावं लागत नाही. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली अशा पुलाची कल्पना मांडली. १९८८ साली मॉरिस आणि थॉर्न यांनी माणसाला जाता येईल असा वर्महोल कागदावर मांडला, त्यात प्रवासी अखंड जातो. मालिकेने वर्महोल आणि सुटं करून जुळवणं, ही दोन तंत्रं एकत्र बांधली आहेत. माझी नेरुळची एक मैत्रीण म्हणते की मग पलीकडे निघतो तो माणूस नसून त्याची नक्कल असते. मला तसं वाटत नाही. मालिकेत नुसती माहिती नाही, त्याच शरीराचं द्रव्य ऊर्जा होऊन पलीकडे पोचतं.

या एका निर्णयातून बाकीचे नियम आपोआप निघतात. पाठवणारं गेट वेगळं आणि घेणारं वेगळं, म्हणून माणसं आणि वस्तू एकाच दिशेने जातात. रेडिओ लहरी मात्र दोन्हीकडे. एका वेळी एकच जोडणी. ती ३८ मिनिटांहून जास्त टिकत नाही, बाहेरून अफाट ऊर्जा मिळाली तरच टिकते. दुसऱ्या सीझनमधल्या ‘अ मॅटर ऑफ टाइम’मध्ये पलीकडच्या ग्रहाजवळ कृष्णविवर असतं, म्हणून तिथे गेट बंदच होत नाही. पृथ्वीच्या गेटवर बसवलेली धातूच्या पापणीसारखी आयरिसही यामुळेच काम करते. ती पडद्याला इतकी चिकटून असते की येणाऱ्याचे अणू जुळायला जागाच उरत नाही.

आणि वस्तू पूर्ण आत शिरल्याशिवाय गेट ती पुढे धाडत नाही. या एका वाक्यावर अटलांटिसच्या पहिल्या सीझनमधला ‘थर्टी-एट मिनिट्स’ हा अख्खा भाग उभा आहे. पडल जंपर हे गेटच्या मापाने बांधलेलं छोटं यान. अवकाशातल्या गेटमध्ये शिरताना त्याचे इंजिनाचे पंख आत मिटत नाहीत आणि यान मध्येच अडकतं. पुढचा भाग सुटा होऊन गेटच्या स्मृतीत, मागचा भाग माणसांसकट बाहेर. ३८ मिनिटांत यान आत सरकलं नाही तर पुढचे लोक कधीच जुळणार नाहीत. नव्या शत्रूची, नव्या यंत्राची गरज लागली नाही. पहिल्यापासून माहीत असलेल्या तीन नियमांनीच श्वास रोखायला लावला. कल्पित तंत्रज्ञान कसं लिहावं याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

आता यानं. पहिलं कारण युद्धाचं. आयरिस बसल्यावर गेटमधून पृथ्वीवर हल्ला करणं गोआउल्ड या परग्रहवासी शत्रूंना अशक्य झालं. म्हणून पहिल्या सीझनच्या शेवटी त्यांच्यातला अपोफिस दोन हाताक, म्हणजे पिरॅमिडसारखी युद्धयानं, घेऊन अवकाशातून येतो. दार बंद झालं म्हणून तो आकाशातून आला.

दुसरं कारण मापाचं. मी उलव्याला राहते आणि न्हावा शेव्याहून जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष इथे लगेच जातं. गेट बाहेरून बाहेर साधारण २२ फुटांचं आहे. आपला नेहमीचा कंटेनर आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. तो त्यातून आरामात जाईल. पण काही माल कुठल्याच कंटेनरमध्ये बसत नाही. मोठे ट्रान्सफॉर्मर, टर्बाइनचे भाग. त्याला आम्ही ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतो आणि त्याची सोय वेगळी करावी लागते. स्टारगेटच्या जगातला सगळ्यात महत्त्वाचा ओडीसी माल म्हणजे खुद्द स्टारगेट! २२ फुटांचं कडं उभं धरा, आडवं धरा, तिरकं धरा; एका बाजूने तरी त्याची पूर्ण २२ फूट रुंदी समोर येतेच. आणि आतलं भोक कड्याच्या जाडीमुळे २२ फुटांहून लहान. म्हणजे तुकडे केल्याशिवाय एक गेट दुसऱ्या तसल्याच गेटमधून जाऊच शकत नाही. कुठल्याही ग्रहावरचं पहिलं गेट तिथे यानानेच नेलेलं असणार. यानांशिवाय गेटचं जाळं पसरणारच नाही.

पुढे ओराय या दुसऱ्या शत्रूंचं सुपरगेट येतं, ज्यातून पूर्ण युद्धयानं बाहेर पडतात. ते तुकडे जोडून उभारलेलं आहे आणि ते चालवायला कृष्णविवराची ताकद लागते. माप वाढवलं की त्याची किंमत मोजावी लागते, हे लेखक तिथेही विसरले नाहीत.

यानांच्या हायपरड्राइव्हबद्दल, म्हणजे प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या इंजिनाबद्दल, मालिका फार खोलात जात नाही. यान एक खिडकी उघडून हायपरस्पेसमध्ये शिरतं, तिथे प्रकाशाची मर्यादा लागू नसते, आणि मुक्कामाजवळ बाहेर पडतं. पण वेळ लागतो, आणि तो वेळ लेखकांनी पाळला आहे. डेडॅलस या पृथ्वीच्या यानाला अटलांटिस शहर असलेल्या पेगॅसस दीर्घिकेत पोचायला १८ दिवस लागतात. अंतर तीस लाख प्रकाशवर्षांच्या आसपास धरलं तर हा वेग प्रकाशाच्या सुमारे सहा कोटी पट होतो. तरी गेटपुढे तो कासवच. गेटला त्यासाठी आठवा चेव्हरॉन आणि झेडपीएम या प्राचीन ऊर्जास्रोताएवढी प्रचंड ऊर्जा लागते. दोन दीर्घिकांमध्ये ३४ गेट टप्प्याटप्प्याने मांडून जो पूल बांधला जातो, तो ही अडचण सोडवायलाच. त्या पोकळीत गेट न्यायचं म्हणजे पुन्हा यान आलंच.

युनिव्हर्समध्ये तर हे उघडच सांगितलंय. डेस्टिनी हे प्राचीनांचं, म्हणजे गेट बांधणाऱ्या जुन्या संस्कृतीचं, यान अब्जावधी प्रकाशवर्षं दूर आहे, नवव्या चेव्हरॉननेच तिथे पोचता येतं, आणि इंधनासाठी ते चक्क ताऱ्यांच्या आतून जातं. त्याच्या खूप पुढे बीजयानं गेलेली आहेत. त्यांचं काम एकच, वाटेतल्या ग्रहांवर गेट ठेवत जाणं. डेस्टिनी मागून येते आणि माणसं त्या गेटांमधून खाली उतरतात.

तुम्ही अजून सगळं पाहिलं नसेल तर एसजी-१च्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग आणि दुसऱ्याचा पहिला भाग सलग बघा, मग ‘अ मॅटर ऑफ टाइम’, आणि मग अटलांटिसचा ‘थर्टी-एट मिनिट्स’. युनिव्हर्स शेवटी ठेवा, कारण तिथे नियम पुन्हा समजावत बसत नाहीत. ते तुम्हाला माहीत आहेत असंच धरून गोष्ट पुढे जाते.