आधी फ्रीझची तारीख ठरव

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. सॉफ्टवेअरमधली तीन फीचर्स अर्धवट आहेत, ती झाली की रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढू, असं तू लिहिलंस. असं करू नकोस. ती पुरी होईपर्यंत आणखी दोन दारात येतील, आणि त्यांच्यासाठीही थांबावंसं वाटेल.

लिनक्स कर्नलनं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, हे भोगलंय. २.४ ही आवृत्ती आली जानेवारी २००१ मध्ये आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या जवळपास तीन वर्षांच्या काळात नवं काम २.५ या प्रायोगिक आवृत्तीत साचत गेलं. कर्नलभोवती पूर्ण लिनक्स बांधून देणाऱ्या डिस्ट्रोवाल्यांना थांबणं परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी हवे ते बदल आपापल्या २.४ मध्ये बसवले. आता तिथे मर्ज विंडो, म्हणजे नवं काम मुख्य कोडमध्ये घ्यायची मुदत, दोन आठवडे उघडी असते. मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधी तपासायला दिलेली आवृत्ती), आणि सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. एखादा पॅच (कोडमधला बदल) राहिला तरी नऊ-दहा आठवड्यांत पुढची संधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कच्चं काम घाईनं आत ढकलायची गरजच उरत नाही. ठरलेल्या तारखेचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा हाच.

पण रिलीजच्याही आधी फ्रीझची, म्हणजे नवी फीचर्स घेणं थांबवण्याची, तारीख जाहीर कर. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मे महिन्यात पहिला बीटा (चाचणी आवृत्ती) निघाला की नवी फीचर्स बंद, आणि रिलीज थेट ऑक्टोबरात. तुझ्या प्रकल्पाला तीन आठवडे पुरतील, पण ते तीन आठवडे कुणासाठीही मोडू नकोस.

या काळात काही मोडलं तर बायसेक्ट करून, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी करत तपासून, बिघाड करणारं कमिट (नोंदवलेला बदल) शोध. दुरुस्ती दोन दिवसांत सुचली नाही तर रिव्हर्ट कर, म्हणजे तो बदल काढून टाक. ज्याचं काम काढतोय त्याच्याशी मात्र आधी बोल; महिन्याभराची मेहनत न सांगता निघाली की माणूस परत येत नाही. शेवटच्या आरसीनंतर मी एकदा ‘दोनच ओळी आहेत’ म्हणून एक बदल घेतला, आणि अपग्रेड केलेल्यांच्या जुन्या कॉन्फिग फाइल्स वाचल्या जाईनात. तेव्हापासून नियम एकच: कोड बदलला की नवी आरसी.

आरसी काढल्यावर एकही तक्रार आली नाही, तर बहुधा ती कुणी बसवलेलीच नसते. पॅकेज बांधणाऱ्यांना स्वतः लिहून ती चालवून बघायला सांग.

डेटा जाण्याची किंवा अपग्रेड फसण्याची भीती असेल, तर तारीख जरूर पुढे ने. उबुंटू या डिस्ट्रोनं आपली पहिली एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती एप्रिल २००६ वरून जूनवर नेली, पण सहा आठवड्यांनंतरची नवी तारीख आधीच सांगून.

तुझ्या तीनपैकी कोणतं फीचर टेस्ट्ससकट आज मर्ज होऊ शकतं, ते कळव. उरलेल्या दोन्ही फीचर्सच्या लेखकांना पुढच्या फ्रीझची तारीख आजच सांगून टाक.