ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, आता मुलाने कॅम्पला जावं की नोकरी धरावी?

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो. मुलगा फुटबॉलमध्ये (अमेरिकन) रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू आहे. डिव्हिजन टूच्या (कॉलेज खेळातली दुसरी पायरी) छोट्या कॉलेजातून खेळला, शेवटच्या वर्षी चौदाशे यार्ड धावला, चौदा टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केले. याच महिन्यात मेकॅनिकल इंजिनिअर झाला. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टचे, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीचे, तिन्ही दिवस आम्ही टीव्हीसमोर बसून होतो, नाव आलं नाही. शनिवारी संध्याकाळी एका संघाचा फोन आला आणि त्याने करारावर सही केली. बोनस दहा हजार डॉलर. इकडे कोलंबसच्या एका कंपनीत जुलैपासून नोकरी ठरली आहे. ह्यांचं म्हणणं, बत्तीस संघांपैकी कुणीच निवडलं नाही म्हणजे विषय संपला. संघाकडे त्याला धरून सहा रनिंग बॅक आहेत: दोन नक्की राहणारे, एक तिशीचा अनुभवी, एक याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत घेतलेला आणि एक गेल्या वर्षी प्रॅक्टिस स्क्वॉडवर (संघाबरोबर सराव करणारी राखीव तुकडी) असलेला. त्याला कितपत संधी आहे? खरं सांगा. विचारायला संकोच वाटतो, पण पैसे किती मिळतील? ता. क. आपल्या मुलांना तिथे घेतात का?

ताई, नमस्कार.

खरं सांगा म्हणालात, म्हणून अंदाज आधीच सांगून टाकतो. ऑगस्टअखेर जाहीर होणाऱ्या ५३ जणांच्या रोस्टरवर (अंतिम संघयादीवर) तुमच्या मुलाचं नाव असण्याची शक्यता मी दहात एक धरतो. प्रॅक्टिस स्क्वॉडही मोजला तर दहात तीन-साडेतीन. हे माझं स्वतःचं माप आहे, कुठल्या कोष्टकातून काढलेलं नाही. आणि एवढ्या शक्यतेवरही त्याने कॅम्पला (हंगामापूर्वीच्या सराव शिबिराला) जावं, असंच माझं मत आहे.

आधी यजमानांच्या मुद्द्याबद्दल. ते क्रिकेटवाले आहेत असं पत्रावरून वाटतं, म्हणून त्यांच्याच मैदानातलं उदाहरण देतो. पालघरचा शार्दूल ठाकूर नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात अनसोल्ड राहिला आणि मार्च २०२५ मध्ये जखमी मोहसीन खानच्या जागी लखनौकडून खेळायला उतरला. शार्दूल कसोटी खेळलेला, त्यामुळे तुलना ताणायची नाही. पण निवडीच्या दिवशी नाव न येणं आणि दार बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यावरून त्यांना पटावं. २०२५ मध्ये ग्रीन बेला झालेल्या ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत २५७ जण घेतले गेले. त्यानंतर प्रत्येक संघ अनड्राफ्टेड मुलं घेऊन आपली यादी नव्वदपर्यंत नेतो. म्हणजे बत्तीस संघांत मिळून २८८० जण. ऑगस्टअखेर ठरलेल्या दिवशी (२०२५ मध्ये २६ ऑगस्टला) संध्याकाळी चार वाजेपर्यंत प्रत्येक संघाला त्यातले ५३ ठेवायचे असतात. एकाच दिवशी, एका फटक्यात. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची, २०२३ पासून टप्पे गेले. तुमच्या मुलाच्या दृष्टीने हे बरं झालं, कारण शेवटच्या प्रीसीझन (हंगामापूर्वीच्या) सामन्यापर्यंत तो मैदानात राहू शकतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात यार्डांचे सगळे आकडे आहेत. त्याने किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) किती परतवले, पासच्या वेळी ब्लॉकिंगला (समोरच्याला अडवायला) किती वेळा थांबला, चेंडू हातातून किती वेळा सुटला, यातलं काहीच नाही. पालकांच्या पत्रांत हे नेहमीच राहून जातं, कारण टीव्हीवर धावणं दिसतं. पण कुठल्याही संघाला धावण्यासाठी पहिले दोघे पुरतात. तुमच्या मुलाला हवी आहे ती तिसऱ्या किंवा चौथ्या रनिंग बॅकची जागा, आणि त्या जागेचं काम मुख्यतः धावणं नाहीच.

पहिलं काम क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला वाचवणं. समोरून ब्लिट्झ (बचावपटूंचा एकदम हल्ला) येतो तेव्हा कोणता लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कुठून घुसणार हे चेंडू सुटायच्या आधी ओळखायचं आणि त्याच्या वाटेत उभं राहायचं. समोरचा वीस-तीस पाउंडांनी जड असला तरी. दोन यार्ड कमी मिळाले तर कोच खपवून घेतो. ज्याच्यावर कोट्यवधी डॉलर लावलेत तो क्वार्टरबॅक आडवा झाला तर खपवून घेत नाही. डिव्हिजन टूमधून आलेल्या मुलांचं घोडं बहुतेक इथेच अडतं, कारण तिथे ती इतरांपेक्षा इतकी सरस असतात की ब्लॉकिंगला थांबायची वेळच त्यांच्यावर येत नाही. त्यात मे-जूनच्या सरावात अंगावर पॅड नसतात आणि खरी धडक द्यायला परवानगी नसते. म्हणून जूनमध्ये कोच 'छान दिसतोय' म्हणाले तर आनंद माना, पण अर्थ काढू नका. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये पॅड चढल्यावर.

दुसरं काम स्पेशल टीम्स. किकऑफ आणि पंटच्या (चेंडू सोडून देताना मारलेल्या लांब किकच्या) वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकडीत त्याला जागा हवी. इथे नशिबाने वारा त्याच्या बाजूचा आहे. २०२४ पासून किकऑफची रचना बदलली आणि २०२५ पासून हवेतून थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) गेलेली किक परतवली नाही, तर चेंडू तीसऐवजी पस्तीस यार्डांच्या रेषेवर मिळणार. साहजिकच किक मारणारे संघ चेंडू आत ठेवतील आणि परतवण्याचे प्रसंग वाढतील. तसा चेंडू घेऊन घुसणारा, आटोपशीर बांध्याचा, दणकट रनिंग बॅक २०२३ पर्यंत चैन होती. आता गरज होत चालली आहे. मुलाने कॉलेजात एकही किक परतवली नसेल, तर आजपासून रोज हाय किक झेलायला लागावं. स्पेशल टीम्सच्या कोचशी त्याची ओळख रनिंग बॅकच्या कोचइतकीच घट्ट हवी.

ही वाट चालून गेलेले आहेत. ऑस्टिन एकलर कोलोरॅडोतल्या गनिसन या गावच्या डिव्हिजन टू कॉलेजातला. २०१७ मध्ये चार्जर्सकडे अनड्राफ्टेड म्हणून आला, २०२१ मध्ये त्याच्या नावावर वीस टचडाउन होते. एरियन फॉस्टर २००९ मध्ये टेक्सन्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर पडून होता आणि पुढच्याच हंगामात १६१६ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. पण मला तुम्हाला सांगावासा वाटतो तो रहीम मोस्टर्ट. २०१५ मध्ये ईगल्ससाठी प्रीसीझनमध्ये चमकला आणि तरीही कापला गेला. फोर्टीनाइनर्सकडे स्थिरावेपर्यंत सहा संघांनी त्याला सोडलं होतं. मधली वर्षं त्याने काढली ती स्पेशल टीम्सवर, धावत जाऊन समोरच्याला पाडण्यात. जानेवारी २०२० च्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात त्याने २२० यार्ड आणि चार टचडाउन केले ते लोकांना आठवतात. आधीची ती वर्षं कुणी बघत नाही.

आणि नशिबाचा वाटा लपवून ठेवत नाही. २०२० मध्ये जग्वार्सने हंगाम तोंडावर असताना लेनर्ड फोर्नेटला सोडलं आणि जेम्स रॉबिन्सन हा अनड्राफ्टेड मुलगा पहिल्याच सामन्यात मुख्य रनिंग बॅक झाला. त्या वर्षी १०७० यार्ड धावला. फोर्नेट राहिला असता तर? फिलिप लिंडसेची दुसरी बाजूही यजमानांना दाखवा. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं हजारावर यार्ड काढून, प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या सामन्याला) जाऊनही ब्रॉन्कोसने २०२० मध्ये त्याच्या डोक्यावर मेल्विन गॉर्डनला आणून बसवलं. या पेशात यशालाही नोकरीची हमी नसते.

आता त्या सहा जणांकडे बघू. पहिले दोघे सोडून द्या. सहाव्या फेरीतल्या मुलावर संघाने आपली निवड खर्ची घातली आहे, म्हणून त्याला चुका करायला तुमच्या मुलापेक्षा जास्त मुभा मिळेल. अन्याय वाटेल, पण कारखान्यातही असंच चालतं. गेल्या वर्षी प्रॅक्टिस स्क्वॉडवर असलेल्याला प्लेबुक (संघाच्या ठरलेल्या चाली) पाठ आहे, ते त्याचं भांडवल. माझी नजर मात्र तिशीच्या खेळाडूवर आहे. चार किंवा जास्त हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याला रोस्टरवर असला, की त्याचा वर्षभराचा मूळ पगार जवळजवळ पक्का होतो. म्हणून असा माणूस ऑगस्टच्या शेवटी सुटण्याची शक्यता वाढते. आधी ब्लॉकिंग करणारा म्हणून याच माणसाची जागा तुमच्या मुलाने घ्यायची आहे, आणि तोवर त्याच्याकडूनच ते काम शिकायचं आहे. विचित्र वाटेल, पण लॉकर रूममध्ये अनुभवी माणसं बहुधा शिकवतात.

पैशाचं सांगतो, कारण तुम्ही तो प्रश्न संकोचाने शेवटी लिहिलात. रोस्टरवर आला तर २०२५ चा नवोदिताचा किमान पगार ८,४०,००० डॉलर. तो हंगामाच्या अठरा आठवड्यांत विभागून, जितके आठवडे असेल तितक्यांचाच मिळतो. प्रॅक्टिस स्क्वॉडवर २०२५ मध्ये आठवड्याला १३,००० डॉलर. पूर्ण हंगाम टिकला तर २,३४,०००. कॅम्पमध्ये फक्त भत्ता. करार तीन वर्षांचा असला तरी हमी जवळजवळ बोनसपुरतीच असते. त्याच्या करारात 'स्प्लिट' कलम आहे का, म्हणजे जखमी यादीवर गेल्यास पगार कमी होतो का, हे एजंटला विचारा. एजंटचं कमिशन तीन टक्क्यांहून जास्त असता कामा नये. दहा हजारांच्या बोनसवरून फार मनोरथ रचू नका. संघाला तो खरोखर हवाच असता, तर करारात पगाराचा काही भागही हमीचा दिसला असता.

नाव कापलं गेलं, की चोवीस तासांत उरलेल्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला वेव्हरवरून (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचलू शकतो. कुणी उचललं नाही तर प्रॅक्टिस स्क्वॉड. तिथे सोळा जागा असतात, पण त्यातल्या सहांवर जुने-जाणतेही बसू शकतात. म्हणून प्रीसीझनच्या तीन सामन्यांत, बहुधा चौथ्या क्वार्टरमध्ये, त्याला जे दहा-बारा खेळ मिळतील ते फक्त आपल्या कोचसाठी नसतात. त्याचा खरा मालक कदाचित समोरच्या बाकावर बसलेला असेल.

राहिली नोकरी. ती सोडायची नाही आणि लपवाछपवीही करायची नाही. मुलाने स्वतः (तुम्ही नव्हे, यजमानांनीही नव्हे) कंपनीच्या एचआरला लिहावं: एनएफएल संघाशी करार झाला आहे, रुजू होण्याची तारीख जुलैऐवजी जानेवारी करता येईल का? नवशिक्या इंजिनिअरसाठी सहा महिने थांबणं कंपनीला फारसं जड नसतं, आणि अशा मुलाचं कौतुकच वाटण्याचा संभव जास्त. नाही म्हणाले तरी मी कॅम्पच निवडेन. इंजिनिअरिंगची नोकरी पुढच्या वर्षीही मिळेल. नवोदित म्हणून स्वस्त आणि कोरा असण्याचं वर्ष मात्र एकच. पुढच्या एप्रिलनंतर बावीस वर्षांची नवी फळी उभी राहील.

मात्र मुदत आत्ताच ठरवा आणि ती त्याच्याच तोंडून वदवून घ्या. माझ्या मते: ऑगस्टमध्ये कुठेच जागा मिळाली नाही, तर ऑक्टोबरअखेरपर्यंत शरीर तयार ठेवून थांबावं, कारण दुखापतींमुळे या काळात फोन येतात. तोवर आला नाही तर जानेवारीत नोकरी, किंवा वसंतातल्या यूएफएलचा (दुय्यम व्यावसायिक लीगचा) एक हंगाम. दुसऱ्या ऑगस्टनंतरही काही हाती लागलं नाही, तर थांबावं. तिसरा ऑगस्ट नको, कारण तोवर गुडघे आणि पदवी दोन्हींना गंज चढायला लागतो.

एक छोटा प्रश्न तुम्ही तळटीपेसारखा विचारलाय, की 'आपल्या मुलांना' तिथे घेतात का. भारतीय वडिलांचा मुलगा ब्रँडन चिलार रॅम्स आणि पॅकर्सकडून लाइनबॅकर म्हणून खेळला आहे. आडनाव कोच बघत नाही, ताई. व्हिडिओ बघतो. तेव्हा शेवटच्या हंगामातल्या सगळ्या पास-ब्लॉकिंगची चित्रफीत मुलाकडून मागवून घ्या आणि त्याच्या जुन्या कोचबरोबर त्याला एकदा ती पूर्ण बघायला लावा. एचआरचं पत्र याच आठवड्यात जाऊ दे, जूनच्या मिनिकॅम्पनंतर नको.